पहिले चाटण

एकदा एका औषधशाळेत अशी एक घटना घडली की, पुढे कित्येक दिवस तिथल्या माणसांना अन्न गोड लागले नाही.

डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका पेठेत ही औषधशाळा होती. एका सधन व्यापाऱ्याने ती बांधली होती आणि एका वृद्ध वैद्यराजांच्या स्वाधीन केली होती. विस्तीर्ण अंगणात एका बाजूला मुळ्या निवडण्याचे पाट, दुसऱ्या बाजूला कांडणाची उखळे, पलीकडे चाळण्या आणि गोळ्या वळण्याची ओसरी. दूरदूरच्या गावांतली माणसे डोळे मिटून इथले औषध घेत. वैद्यराजांचे आता वय झाले होते, म्हणून रोजच्या कामावर देखरेख करण्याचा भार त्यांनी आपल्या शिष्यावर, श्रीरंगवर टाकला होता. श्रीरंग बुद्धिमान होता. प्रत्येक वनस्पतीचे गुणधर्म सांगणारे श्लोक त्याला मुखोद्गत होते. अंगणातून तो फिरू लागला की माणसे आपसूक सावरून बसत.

एके दिवशी सकाळीच व्यापारी अंगणात आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"वैद्यराज, कोष्ट्याच्या मुलीचं कळलं ना तुम्हाला?"

"तिच्याच उशाशी होतो. आत्ता येतोय," वैद्यराज म्हणाले. "वाचली. पण थोडक्यात वाचली."

मुलीला साधा जुलाबाचा त्रास होता. आईने इथलेच बालचूर्ण मधातून चाटवले. थोड्याच वेळात पोरीचे ओठ बधिर झाले, तोंडातून लाळ गळू लागली, हातपाय गार पडले. वैद्यराजांनी ती लक्षणे पाहिली आणि त्यांना उलगडा झाला. बालचूर्णात अतिविष नावाची एक मुळी पडते. नाव भयंकर असले तरी ती निर्धोक असते, तान्ह्या मुलांनाही चालते. तिच्यासारखीच दिसणारी दुसरी मुळी म्हणजे बचनाग. तो सांध्यांना लावायच्या लेपासाठी शाळेत ठेवलेला असे. बचनाग हे जहाल विष. वाळल्यावर दोन्ही मुळ्या बहिणी-बहिणींसारख्या दिसतात आणि पोत्यांत मिसळून येतात; पाटावर त्या निवडून वेगळ्या कराव्या लागतात. कुणाच्या तरी हातून एकीच्या जागी दुसरी गेली होती.

"संध्याकाळच्या आत मला तो माणूस हवा," व्यापारी म्हणाला. "ज्याच्या हातून हे झालं, तो या शाळेतच काय, या पेठेतही राहणार नाही."

तो हे मोठ्याने बोलला. उखळांचे आवाज थांबले होते, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेले.

वैद्यराजांनी उरलेले सगळे बालचूर्ण खड्डा खणून पुरायला लावले, ज्या ज्या गावी ते चूर्ण गेले होते तिथे घोडेस्वार पाठवले आणि चौकशीचे काम श्रीरंगकडे सोपवले.

श्रीरंगने एकेकाला ओसरीवर बोलावले. मुळ्या निवडणारी गोजराबाई आली. निवडण्याच्या पाटावर पूर्वी बसणारी म्हातारी नजर अधू झाल्यावर लेकीकडे परमुलखात निघून गेली होती आणि ती जागा गोजराबाईला मिळाली होती. ती विधवा होती, पदरात दोन मुले होती.

"मुळ्या तुम्हीच निवडल्या ना?"

"व्हय, दादा."

"ओळखता येतात ना नीट?"

"येतात की." ती जमिनीकडे पाहत म्हणाली. तिच्या कपाळावर घाम होता.

मग भिवा आला. त्याचे हात उखळावर काम करून लाकडासारखे झाले होते. "मी कांडतो, मालक. जे येतं ते कांडतो. माझ्या कामात खोट न्हाई." चाळणारे आले, वळणारे आले. सर्वांनी तेच सांगितले. प्रत्येकाला आपले काम येत होते. प्रत्येकाचे काम बिनचूक होते. आणि तरीही एका लेकराच्या तोंडात विष गेले होते.

श्रीरंग एकटाच ओसरीवर बसून राहिला. गोजराबाईचा घाम त्याने पाहिला होता. दोन्ही मुळ्या तिच्यापुढे ठेवून 'यातली कोणती कुठली?' एवढे विचारले असते तर काम झाले असते. पण त्याने विचारले नव्हते, आणि का विचारले नाही हे त्याला चांगले ठाऊक होते. तिने उत्तर दिले असते, तर ते बरोबर की चूक हे त्याला स्वतःला कळले नसते. दोन्ही मुळ्यांचे श्लोक त्याला पाठ होते. दोन्ही मुळ्या एकत्र हातात घेऊन त्याने कधी पाहिल्याच नव्हत्या. गोजराबाईला पाटावर बसवले त्या दिवशी त्याने तिला काही शिकवले नव्हते, कारण शिकवण्यासारखे त्याच्यापाशी नव्हते. त्याच्या मनात एक विचार येऊन गेला. हिचे नाव सांगितले, तर प्रकरण इथेच मिटेल. त्या विचाराचीच त्याला इतकी धास्ती वाटली की तो उठून उभा राहिला.

संध्याकाळी त्याने वैद्यराजांना सांगितले, "गुरुजी, कुणीच कबूल होत नाही."

"कसे होतील?" वैद्यराज म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अंगणाच्या मधोमध आपले आसन मांडायला सांगितले. सगळ्यांना बोलावले. व्यापारीही आला होता.

"चौकशी संपली," ते म्हणाले. "मी कुणाला काही विचारणार नाही. काम नेहमीसारखं सुरू करा, आपापल्या जागी बसून. फक्त एक बदल आहे. आजपासून इथे तयार होणाऱ्या प्रत्येक औषधाचा पहिला घोट, पहिली गोळी, पहिलं चाटण मी इथे बसून, तुमच्यासमोर घेईन. मगच ते बाहेर जाईल."

व्यापाऱ्याला वाटले, म्हाताऱ्याची बुद्धी चळली. श्रीरंग पुढे झाला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "गुरुजी, हे काय करता? मुळ्यांच्या पोत्यांत अजून काय मिसळलेलं असेल कुणी सांगावं!"

"म्हणूनच," वैद्यराज म्हणाले आणि डोळे मिटून बसले.

पहिल्या दिवशी काढे झाले. वैद्यराजांनी घोट घेतला. माणसे काम सोडून त्यांच्या ओठांकडे पाहत राहिली. काही झाले नाही, पण त्या दिवशी कुणी धड जेवले नाही. नंतर गोळ्या झाल्या. गोळ्या वळणाऱ्याने ताटली पुढे केली, मग मागे घेतली, एक गोळी निरखून पाहिली, पुन्हा पुढे केली. वैद्यराजांनी ती गिळली आणि त्या माणसाला मटकन खाली बसावे लागले. गप्पाटप्पा, गाणी, थट्टा सगळे बंद झाले होते. नुसते उखळाचे घण घण आवाज आणि त्यामागे दाटलेली भीती.

मग बालचूर्णाची पाळी आली.

श्रीरंग सकाळपासून गोजराबाईच्या पाटाशेजारी उभा होता. ती एक मुळी उचले, उजवीकडे ठेवी, पुन्हा उचलून डावीकडे ठेवी. श्रीरंग त्या मुळ्यांकडे टक लावून पाहत होता आणि मनातल्या मनात श्लोक म्हणत होता. श्लोक पुन्हा पुन्हा संपत होता आणि मुळ्या तशाच सारख्या दिसत होत्या. त्याला ओरडावेसे वाटले. पण समोर व्यापारी बसला होता, अंगणभर माणसे होती, आणि इतकी वर्षे ज्याला सगळे येते म्हणून सगळे ओळखत होते तो श्रीरंग होता. त्याने मनात पुन्हा श्लोक सुरू केला.

भिवाने मुळ्या कांडल्या. कांडता कांडता तो एकदा थांबला, त्याने उखळात वाकून पाहिले, मान हलवली आणि तो पुन्हा घाव घालू लागला. चूर्ण चाळले गेले. मधात कालवले गेले. वाटी वैद्यराजांच्या हातात आली.

त्यांनी बोटावर चाटण घेतले. बोट ओठांकडे नेले.

"बाबा, खाऊ नका!"

गोजराबाई पाटावरून धावत आली आणि तिने त्यांचे मनगट धरले. ती रडत होती. "खाऊ नका, बाबा. मला वळखता येत न्हाई. पहिल्या दिवसापास्नं येत न्हाई. येत न्हाई म्हटलं असतं तर काम गेलं असतं, म्हणून येतं म्हटलं. त्या पोरीला मीच..." पुढे तिला बोलवेना.

व्यापारी ताडकन उठला. "म्हणजे हीच ती! श्रीरंग, हिला आत्ताच्या आत्ता..."

"शेठजी, थांबा." हा आपलाच आवाज आहे हे श्रीरंगला क्षणभर कळले नाही. "मलाही ओळखता येत नाही."

"काय?"

"मला श्लोक येतात. मुळी येत नाही. यांना मी पाटावर बसवलं आणि शिकवलं नाही, कारण मलाच येत नव्हतं. चौकशी करतानाही यांना मुळी ओळखून दाखवा म्हटलं नाही. माझं अज्ञान उघडं पडेल म्हणून."

मग उखळापाशी भिवा घसा खाकरून म्हणाला, "त्या खेपेला चूर्ण जरा काळपट झालं होतं, मालक. मला दिसलं होतं. पण काळं झालं तर काय असतं, हे मला कुणी सांगितलं न्हाई, आन मी इचारलं न्हाई." गोळ्या वळणाराही पुढे आला. एकदम पुष्कळ गोळ्या करायच्या तेव्हा कोणते चूर्ण किती घ्यायचे हे त्याला कळत नव्हते, तो अंदाजानेच करत असे. चाळणीवरची बाई उठली. वैद्यराजांनी हात वर करून सगळ्यांना बसायला सांगितले.

व्यापारी संतापाने लाल झाला होता, पण त्याच्या संतापातही आता भय होते. "इथं कुणालाच काही येत नाही! आणि तुम्ही त्यांना असं घाबरवून..."

"घाबरलेले ते आधीपासूनच होते," वैद्यराज शांतपणे म्हणाले. त्यांनी वाटी खाली ठेवली आणि बोट पुसले. "शेठजी, तुम्ही विचारलंत, चूक कुणाची? तेव्हा प्रत्येकाला स्वतःसाठी भीती वाटली, आणि स्वतःसाठी भीती वाटली की माणूस तोंड मिटतो. मी माझा जीव यांच्या हातात दिला, तेव्हा यांना माझ्या जिवाची भीती वाटली. त्या भीतीने तोंडं उघडली. ज्याला येत नाही त्याची भाकरी जाणार असेल, तर या अंगणात 'मला येत नाही' असं कुणीच कधी म्हणणार नाही. सगळ्यांना सगळं येत राहील, आणि लेकरं मरत राहतील. आज आपल्याला कळलं की कुठं काय कमी आहे. हे कळायला कोष्ट्याची मुलगी मरणाच्या दारात जावी लागली, यात माझाही दोष आहे. पाट रिकामा राहिला नाही एवढं मी पाहिलं. पाटावरचा हात तयार झाला का, हे पाहिलं नाही."

व्यापारी खाली बसला. "काम किती दिवस बंद ठेवायचं?" त्याने विचारले. आवाज उतरला होता.

"बंद कशाला? शिकणं याच पाटावर होईल, काम करता करता. बालचूर्ण तेवढं बाहेर जाणार नाही, हे सगळे मला मुळी ओळखून दाखवेपर्यंत."

"आणि ही?" व्यापाऱ्याने गोजराबाईकडे पाहिले.

"ती सगळ्यांत आधी बोलली. तिला मी सगळ्यांत आधी शिकवीन."

व्यापारी नाही म्हणाला नाही.

त्याच दुपारी वैद्यराज निवडण्याच्या पाटावर बसले. समोर एका रांगेत गोजराबाई, भिवा आणि श्रीरंग. वैद्यराजांनी दोन मुळ्या घेतल्या आणि कडकन मोडल्या. एक आतून पांढरी आणि पिठूळ निघाली. दुसरी आतून तपकिरी, शिंगासारखी कठीण. "वरून पाहू नका. मोडून पाहा. आणि बचनागाला हात लागला की हात धुतल्याशिवाय तोंडाला लावू नका." मग त्यांनी वेगळ्या पोत्यातल्या, जुन्या, किडलेल्या, अर्धवट वाळलेल्या मुळ्या काढल्या, कारण प्रत्यक्षात मुळी कधी पुस्तकातल्यासारखी येत नाही. गोजराबाई चुकली. श्रीरंग दोनदा चुकला, सर्वांच्या देखत, आणि त्याचे कान तापले. वैद्यराज रागावले नाहीत. त्यांनी पुढची मुळी त्याच्या हातात दिली.

शिकवणे असे रोज चालू राहिले. एका संध्याकाळी हात धुता धुता श्रीरंगने विचारले, "गुरुजी, त्या दिवशी वाटीत विष होतं का?"

"मला माहीत नाही. वाटी पुरून टाकली."

"आणि गोजराबाई बोलली नसती तर? तुम्ही खरंच चाटलं असतं?"

वैद्यराजांनी त्याच्याकडे पाहिले. "माझा हात कापत होता. तुला दिसला नाही?"

श्रीरंगला दिसला होता. त्याला ते म्हातारपण वाटले होते. तो पाणी ओतत राहिला. आपल्याला येत नाही हे सांगण्याची भीती त्याला इतकी मोठी वाटली होती, की समोर बसलेल्या माणसाची भीती त्याला दिसलीच नव्हती.

पुढे बालचूर्ण पुन्हा सुरू झाले. एका सकाळी गोजराबाईने एक मुळी मोडली, उजेडाकडे धरली आणि हात वर केला.

"ही मला कळंना," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली.

भिवाने मुसळ थांबवले. चाळण्या थांबल्या. त्या शांततेत सगळ्यांना थोडी भीती वाटली, आणि कुणी ती लपवली नाही. श्रीरंग उठला, तिच्याशेजारी पाटावर बसला, त्याने मुळीचा दुसरा तुकडा मोडला आणि तो पाहू लागला. त्यालाही पटकन सांगता आले नाही. दोघेही घाई न करता पाहत राहिले, आणि निर्णय होईपर्यंत अंगणातले एकही मुसळ हलले नाही.