शिंपिणीचा एक दोरा

सरका जरा जवळ. मांडी घाला. गोष्ट इवलीशी आहे, पण जायचंय लांब.

सोलापुरात अंजिराचं एक झाड होतं. झाडावर शिंपीण राहायची. शिंपीण म्हणजे पक्षीण हं, तुमच्या मुठीत मावेल एवढी. पाठ हिरवी, शेपटी उभी, चोच बारीक. ती काय करायची? पानाला भोकं पाडायची. भोकातून दोरा ओवायची. पान शिवायची. झालं घर.

घरात होती अंडी. एक, दोन, तीन.

एकदा काय झालं? वारा आला, सूंऽऽ. दोरा तुटला, टुक्. पान उघडायला लागलं. अंडी घरंगळायला लागली.

शिंपी, म्हणजे तिचा नवरा, धावला. त्यानं पानाची कड चोचीत धरली. पान मिटलं. अंडी वाचली. पण आता चोच उघडली, तर पान उघडणार. पान उघडलं, तर अंडी पडणार.

"धरून ठेव हं," शिंपीण म्हणाली. "मी दोरा आणते."

शिंपी काय बोलणार? चोचीत पान. तो म्हणाला, "ऊं."

शिंपीण निघाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. झाडाशेजारीच नरसय्या आजोबांचं घर. आजोबा चादरी विणायचे. घरात मोठा लाकडी माग. पण आज माग गप्प.

"आजोबा, आजोबा, घरटं काही शिवेना. एक दोरा देता का?"

"देतो की," आजोबा म्हणाले. "पण सूत संपलंय की बाळा. कापूस आण. मग सूत. मग दोरा. आधी कापूस, मग दोरा."

"कापूस कुठे असतो?"

"विदर्भात. लांब आहे की."

लांब तर लांब. शिंपीण उडाली. भुर्रर्र, भुर्रर्र.

विदर्भ आला. खाली काळी काळी माती. मातीवर पांढरा पांढरा कापूस. इकडे पांढरं, तिकडे पांढरं, आभाळ टेकतं तिथपर्यंत पांढरं. शिंपीण बघतच राहिली. एवढं पांढरं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

बांधावर पंचफुला मावशी बसली होती. कापूस वेचायला आली होती, पण वेचणार कशी? मांडीवर बाळ. बाळाचं आपलं ट्यांऽऽ, ट्यांऽऽ.

"मावशी, मावशी,
माग दोरा देईना,
घरटं काही शिवेना.
कापूस देता का?"

"देतो ना वो," मावशी म्हणाली. "पण लेकरू रडून राह्यलं. केळं भेटलं तं चूप बसन. आधी केळं, मंग कापूस."

"केळं कुठे असतं?"

"खानदेशात."

शिंपीण उडाली. भुर्रर्र, भुर्रर्र.

खानदेश आला. केळीच्या बागाच बागा. पानं केवढी? एकेका पानाखाली अख्खं घर जेवायला बसेल. आणि घड केवढे? वरून खाली, वरून खाली, नुसती केळीच केळी. शिंपीण बघतच राहिली. एवढं हिरवं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

बाग हिरामण काकांची. पण काका बागेबाहेर उभे. का? बागेच्या दारात त्यांचा बैल बसला होता. बसला तो बसला. हले ना, डुले ना.

"काका, काका,
शेत कापूस देईना,
माग दोरा देईना,
घरटं काही शिवेना.
केळं देता का?"

"देईन ना बैना," काका म्हणाले. "पन हा बैल उठत नाही ना. मलेच आत जाऊ देत नाही. कडबा दिसला का उठीन. आधी कडबा, मंग केळं."

कडबा म्हणजे ज्वारीची वाळलेली ताटं. बैलाला ती फार आवडतात, तुम्हाला लाडू आवडतो तशी.

"कडबा कुठे असतो?"

"मराठवाड्यात."

शिंपीण उडाली. भुर्रर्र, भुर्रर्र. शिंप्याची चोच दुखत असेल का? दुखत असेल. शिंपीण आणखी जोरात उडाली.

मराठवाडा आला. ज्वारी उभी होती, माणसाहून उंच. वारा आला की सगळी ज्वारी इकडे. वारा गेला की सगळी ज्वारी तिकडे. सळसळ सळसळ. शिंपीण बघतच राहिली. एवढं सगळं एकदम डुलताना तिनं कधी पाहिलं नव्हतं.

ज्वारीची काढणी चालली होती. पण सोजर काकू विळा ठेवून बसली होती. घाम पुसत होती.

"काकू, काकू,
बाग केळं देईना,
शेत कापूस देईना,
माग दोरा देईना,
घरटं काही शिवेना.
कडबा देता का?"

"देते की माय," काकू म्हणाली. "पण लई दम लागलाय. गुळाचा खडा अन् घोटभर पाणी पोटात गेलं की हात चालंल. पाणी हाय, गूळ न्हाई. आधी गूळ, मग कडबा."

"गूळ कुठे असतो?"

"कोल्हापुराकडं."

शिंपीण उडाली. भुर्रर्र, भुर्रर्र.

कोल्हापूर दिसायच्या आधी कोल्हापूर नाकात शिरलं. गोड गोड वास. ऊसच ऊस, आणि उसाच्या मध्ये गुऱ्हाळ. गुऱ्हाळात एक कढई. कढई म्हणू नका, तिला काहील म्हणतात. तुम्ही दहा जण आत बसाल एवढी मोठी. त्यात उसाचा रस उकळत होता, रटरट रटरट. शिंपीण बघतच राहिली. एवढा गोड वास तिनं कधी घेतला नव्हता.

काहिलीजवळ शिदू आप्पा बसले होते. तोंड वाकडं करून.

"आप्पा, आप्पा,
रान कडबा देईना,
बाग केळं देईना,
शेत कापूस देईना,
माग दोरा देईना,
घरटं काही शिवेना.
गूळ देता का?"

"देतो गं पोरी," आप्पा म्हणाले. "पर सकाळपासनं रस प्यालो, काकवी चाटली, पोटात निस्तं ग्वाडच ग्वाड. आता पिठलं खायाचं, तर मीठच न्हाई. अळणी पिठलं घशाखाली उतरंना. न जेवता काहील कशी उतरवू? आधी मीठ, मग गूळ."

"मीठ कुठे असतं?"

"कोकणात. त्यो डोंगर दिसतोय न्हवं? त्याच्या पल्याड."

डोंगर म्हणजे सह्याद्री. शिंपीण चढली. भुर्रर्र. दमली. कड्यावर बसली. पुन्हा चढली. भुर्रर्र. वर ढग होते, ती ढगातून गेली. पंख ओले झाले. आणि डोंगर एकदम संपला. जमीन खाली, खूप खाली. तिनं पंख पसरले, घेतली उडी.

खाली कोकण. कोकणात मिठागर. मिठागर म्हणजे मिठाचं शेत. चौकोन, चौकोन, चौकोन. पण सगळे चौकोन कोरडे. नामीबाय कमरेवर हात ठेवून उभी.

"नामीबाय, नामीबाय,
गुऱ्हाळ गूळ देईना,
रान कडबा देईना,
बाग केळं देईना,
शेत कापूस देईना,
माग दोरा देईना,
घरटं काही शिवेना.
मीठ देता का?"

"मीठ कुठशी देऊ गो?" नामीबाय म्हणाली. "पानी नाय. दर्या पुढं येला का पानी, पानी आटला का मीठ. जा, दर्याला सांग."

शिंपीण गेली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. वाळूवर उभी राहिली.

समोर समुद्र.

शिंपिणीनं मान उंच केली. याचा पलीकडचा काठ कुठे आहे? नव्हताच. नुसतं पाणी, पाणी, पाणी, आणि मग आभाळ. तिला भीती वाटली. आणि भीतीपेक्षाही जास्त नवल वाटलं. हा केवढा, आपण केवढ्या. याला आपला आवाज तरी जाईल का?

पण शिंप्याची चोच थरथरत असेल. तिनं छाती फुगवली.

"समुद्रा, समुद्रा,
मिठागर मीठ देईना,
गुऱ्हाळ गूळ देईना,
रान कडबा देईना,
बाग केळं देईना,
शेत कापूस देईना,
माग दोरा देईना,
घरटं काही शिवेना.
पुढे येतोस का?"

"कोण बोललं?" समुद्र म्हणाला. घोंऽऽ.

"मी. इथे. खाली."

समुद्रानं बघितलं. हिरवा ठिपका दिसला.

"मीठ मला ठाऊक आहे," समुद्र म्हणाला. "पण गूळ म्हणजे काय? कडबा म्हणजे काय? कापूस म्हणजे काय? मी इथेच असतो. मध्ये हा डोंगर. डोंगरापलीकडे काय आहे, मला कुणी सांगितलंच नाही. तू सांग."

शिंपिणीकडे द्यायला काहीच नव्हतं. पण सांगायला होतं. ती सांगू लागली.

"डोंगरापलीकडे ऊस आहे. उसाचा रस रटरट उकळतो. त्याचा गूळ होतो. खारट नाही, गोड."

"गोड," समुद्र म्हणाला. "ऐकू येत नाही नीट. जरा जवळ येतो." आणि तो थोडा पुढे आला. सळ्ळ.

"त्याच्यापुढे ज्वारी आहे. वारा आला की इकडे, वारा गेला की तिकडे. तुझ्यासारखीच."

"माझ्यासारखी?" समुद्र आणखी पुढे आला. सळ्ळ.

"त्याच्यापुढे केळी आहेत. एका पानाखाली अख्खं घर जेवेल. आणि त्याच्याही पुढे काळी माती. मातीवर कापूस. तुझ्या फेसाएवढा पांढरा, पण मऊ. आणि कोरडा."

"कोरडा आणि पांढरा," समुद्र म्हणाला. "एवढं सगळं आहे तिकडे?"

"आहे. मी बघून आलेय."

ऐकता ऐकता समुद्र पुढे आला, पुढे आला, पुढे आला. वाळू बुडाली. खडक बुडाले. पाणी मिठागराच्या बांधाला लागलं.

"भरती आली गो," नामीबाय म्हणाली. तिनं बांधाचं दार उघडलं. चौकोन भरले. ऊन तापलं. पाणी आटलं. पांढरं पांढरं मीठ पिकलं.

नामीबायनं पानात चिमूटभर मीठ बांधून दिलं. शिंपीण उडाली. डोंगर चढली, ढगातून गेली, डोंगर उतरली. भुर्रर्र.

आप्पांनी पिठल्यात मीठ घातलं. भुरके मारले. "आता कसं," म्हणाले, आणि चौघांना हाक मारून काहील उतरवली. गुळाचा खडा दिला.

सोजर काकूनं गूळ खाल्ला. पाणी प्याली, गटागटा. विळा चालला, सपासप सपासप. कडब्याची पेंडी झाली. पेंडी केवढी, शिंपीण केवढी. पेंडी ट्रकवर चढली. शिंपीण पेंडीवर चढली. पों पों. निघाला ट्रक खानदेशाला.

बैलानं कडबा बघितला. उठला की टुणकन. काका आत गेले. केळ्यांचा घड आणला. शिंपिणीला झेपला का? छे. तिनं चोचीत मावेल एवढा एकच घास घेतला.

बाळानं केळं खाल्लं. बाळ चूप. नुसतं चूप नाही, हसलं. मावशी कापूस वेचू लागली. पहिलं बोंड कुणाला? शिंपिणीला.

भुर्रर्र, भुर्रर्र, सोलापूर. आजोबांनी चरखा फिरवला. गर्रर्र, गर्रर्र. सूत निघालं. माग चालायला लागला, खटक् खट, खटक् खट. आणि आजोबांनी एक दोरा तोडून दिला.

शिंपीण झाडावर गेली. शिंपी होता का? होता. डोळे मिटलेले. पाय लटपटणारे. पण चोच घट्ट.

शिंपीण शिवायला लागली. भोकातून आत, भोकातून बाहेर. आत, बाहेर. आत, बाहेर. गाठ.

"सोड आता," ती म्हणाली.

शिंप्यानं चोच उघडली. पान उघडलं का? नाही उघडलं. अंडी पडली का? नाही पडली. एक, दोन, तीन.

शिंप्यानं जबडा हलवला. इकडे, तिकडे. मग म्हणाला, "एक दोरा आणायला एवढा वेळ?"

शिंपीण त्याच्याजवळ सरकली. म्हणाली,

"समुद्र पुढे आला,
मिठागरानं मीठ दिलं,
गुऱ्हाळानं गूळ दिला,
रानानं कडबा दिला,
बागेनं केळं दिलं,
शेतानं कापूस दिला,
मागानं दोरा दिला,
तेव्हा घरटं शिवलं."

शिंप्यानं त्या दोऱ्याकडे बघितलं. नीट बघितलं. एवढासा तर होता.

"एवढ्या सगळ्यांनी मिळून?" तो म्हणाला.

"एवढ्या सगळ्यांनी मिळून."

आणि पानाच्या आतून आवाज आला. टक्.

मग दुसरा. टक्.

मग तिसरा.