वीस पावलांचा नियम

एका माळावरच्या गावात एक कुंभारीण राहत होती. तिला प्रश्न विचारायची भारी खोड. मडकं तडकलं तर का तडकलं, हे कळल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नसे.

गावात पूर्वापार एक नियम होता. कडब्याच्या दोन गंज्यांमध्ये वीस पावलांचं अंतर ठेवायचं. एक पेटली तर दुसरी वाचावी म्हणून. गावात अशा बारा गंज्या होत्या आणि गावचे सगळे बैल पाऊस पडेपर्यंत त्यांच्यावरच जगायचे. म्हणून पाटील स्वतः पावलं टाकून अंतर मोजत आणि मिशीवर ताव देत.

एके वर्षी कुंभारणीने विचारलं, "पाटील, वीसच का? आन् ही पावलं मोजली तवा वारा कसा व्हता?"

पाटील हसले. "अगं, पावलं जमिनीवर मोजत्यात! आमच्या पणज्यानं घातलेला नियम हाय. तू आपली मडकी थाप."

मडकी तर तिने थापलीच. पण दुसऱ्या दिवशी सकाळी, वारा पडलेला असताना, तिने नदीच्या वाळूत गवताचे मूठ-मूठ ढीग हातभर अंतराने चहूकडे मांडले आणि मधला पेटवला. ज्योत सरळ वर गेली. ढीग जळून विझला, शेजारच्यांना काही झालं नाही.

"पणजोबा बरोबर व्हते की!" ती स्वतःशीच म्हणाली.

दुपारी पश्चिमेचा वारा सुटला, तेव्हा तिने तोच खेळ पुन्हा मांडला. आता ज्योत आडवी झाली. वाऱ्यापुढचा ढीग पेटला, मग त्याच्या पुढचा, मग त्याच्याही पुढचा. मागचे आणि बाजूचे मात्र जसेच्या तसे राहिले.

बघायला जमलेल्यांतला एक म्हातारा म्हणाला, "पणज्याच्या वक्ताला पश्चिमेला आमराई व्हती. वारा गंज्यांपर्यंत पोचतच नव्हता. ती आमराई आपणच तोडली."

हे ऐकून पाच जणांनी आपल्या गंज्या तिथून हलवल्या आणि दक्षिणेच्या बाजूला, वाऱ्याला आडव्या ओळीत रचल्या. पाटील म्हणाले, "नियम म्हंजे नियम." उरलेल्या सात गंज्या पूर्व-पश्चिम ओळीत तशाच राहिल्या, अगदी वीस-वीस पावलांवर.

चैत्रातल्या एका दुपारी पाटलांच्याच चिलमीतला निखारा पश्चिमेकडच्या पहिल्या गंजीत पडला. पश्चिमेचा वारा होताच. घागरी भरून आणेपर्यंत सातही गंज्या गेल्या. आडव्या ओळीतल्या पाचांना धगसुद्धा लागली नाही.

आता त्या पाचांवर साऱ्या गावचे बैल जगवायचे होते. पाटलांचे डोळे भरून आले. "चुकलं माझं," ते म्हणाले. "आजपासून नवा नियम. चाळीस पावलं!"

कुंभारणीने कपाळाला हात लावला. मग चिमूटभर माती त्यांच्या तळहातावर ठेवली. "पाटील, आधी ही उडवा. कुठं जाती ते बघा. पावलं मग मोजू."

पाटलांनी माती उडवली. ती दक्षिणेला, त्या पाच गंज्यांकडे निघाली. वारा फिरला होता, आणि मागे राख अजून धुमसत होती.

पाटलांनी घागर उचलली आणि जन्मात पहिल्यांदाच पावलं न मोजता ते राखेकडे धावले.

तात्पर्य: नियम जरूर पाळावा, पण तो केला तेव्हा वारा कसा होता आणि आज कसा आहे, हे आधी विचारावं.