बैल सोडला का?

फार वर्षांपूर्वीची, खाडीकाठच्या आवळोलीत घाणे फिरत होते तेव्हाची ही गोष्ट. तेलाचे हे घाणे बेने इस्राएलांचे, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांचे. शनिवार त्यांचा विसाव्याचा पवित्र दिवस, त्या दिवशी ते घाण्याला हात लावत नसत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांच्याजवळ पोथी नव्हती, प्रार्थनेचं घर नव्हतं. होता तो एक शेमा. 'ऐक, इस्राएला, परमेश्वर आमचा देव, परमेश्वर एकच', एवढीच प्रार्थना. उजवा हात डोळ्यांवर ठेवून ती म्हणायची, अशी रीत.

शेमा म्हणावा तो एलोजी काजीनं. काजी म्हणजे सणासुदीला, आजारपणात प्रार्थना सांगणारा. त्याचा आवाज पलीकडच्या तीरावर ऐकू जाई, असं म्हणतात. अक्षर चुकत नसे. त्याचा त्याला ताठा होता.

एकदा थोरला भाऊ हसाजी त्याला म्हणाला, "एलो, जरा सावकाश म्हण. देव कुठं पळून चाललाय?"

चार माणसं हसली. एलोजीनं भावाशी बोलणं टाकलं. हसाजी तेल घेऊन मचव्यानं, शिडाच्या होडीनं, निघाला, तेव्हा तो धक्क्यावरही गेला नाही.

त्याच दिवशी वादळ झालं. बाकीचे मचवे परतले. हसाजीचा आला नाही.

दुसऱ्या दिवशी हसाजीची बायको सिमाबाई एलोजीच्या घाण्यापाशी आली. "भावजी, शेमा म्हणा. मला रडू येतं, शब्द येत नाहीत."

एलोजीनं डोळ्यांवर हात ठेवला आणि म्हणू लागला. मागे घाणा फिरतच होता. मध्येच बैल थबकला, आणि शेमा अर्ध्यावर असताना काजीच्या तोंडून निघालं, "च्यक्, हं, चल."

कोणी हसलं नाही.

"भावजी," सिमाबाई म्हणाली, "बैलाच्या डोळ्यांवर झापडं, तुमच्या डोळ्यांवर हात. दोघंही गोल गोल. माझा माणूस पाण्यात आहे हो."

 एलोजीनं बैल सोडला, त्याची झापडं काढली आणि खाडीवर गेला. सिमाबाई मागोमाग गेली.

गुडघाभर पाण्यात तो उभा राहिला. "ऐक" म्हणाला आणि त्याला पेंड आठवली. थांबला. पुन्हा "ऐक" म्हणाला, तर भावाचं बोलणं आठवून राग आला. पुन्हा थांबला. चित्त जागेवर आलं की काळीज कोरडं. काळीज भरून आलं की पुढचा शब्द सापडेना. ऊन कलेपर्यंत हेच चाललं. शेवटी त्याला मनात तो धक्का दिसला, आणि धाकटा भाऊ येतो का म्हणून वळून वळून बघणारा दादा दिसला. डावा हात आपसूक छातीवर गेला. मग एकेक शब्द अर्थासकट आला, रडण्यासकट आला. आवाज मात्र इतका बारीक, की शेजारी उभ्या सिमाबाईलाही ऐकू गेला नाही.

ओहोटी लागली होती. 'एकच' या शब्दाला खाडी जागच्या जागी थांबली, असं म्हणतात. मग पाणी उलटं फिरलं, आणि मोडक्या डोलकाठीचा मचवा आत आला.

"एलो," हसाजी म्हणाला, "ओहोटीला आत कसा आलो, ते मला विचारू नको."

 एलोजीनं हात धरून भावाला घरी नेलं.

पुढे एलोजी गेला. घाणे गेले. घरंही थोडीच उरली. पण आवळोलीत आजही शनिवारी माणसं उजवा हात डोळ्यांवर, डावा छातीवर ठेवून गप्प उभी राहतात. काजी विचारतो, "बैल सोडला का?"

ज्याचा सुटला तो म्हणतो, "सोडला." शेवटच्या माणसाचा सुटेपर्यंत शेमा सुरू होत नाही. कधी फार वेळ लागतो. बरेचदा मागे राहतो तो काजीच, आणि त्याच्यासाठी सगळे थांबतात.