कुर्डूचा निरोप

झाडंझुडपं एकमेकांची विचारपूस करत, त्या काळची ही गोष्ट. बाजरीच्या शेतात कुर्डू नावाची एक रानभाजी उगवली. शेळीमागे उड्या मारणारं करडू बघून तिने बांधावरच्या बाभळीला विचारलं, “मावशी, माझी आई कुठंय?”

“गेल्या थंडीत वाळली गं. तुमचं आयुष्य एकाच हंगामाचं.”

“मला न बघताच गेली? जरा थांबली असती तर काय बिघडलं असतं!” कुर्डू रुसली.

“थांबलीच होती की! भांगलताना बायकांनी बाकीची कुर्डू उपटली, भाजीच्या बियाला म्हणून तिला तेवढी ठेवली. बी पिकेपर्यंत ती उन्हात उभी होती. सारखी खाली मातीकडे बघायची.”

यंदा बायकांनी बियाला या कुर्डूलाच ठेवलं. थंडी आली, गुलाबी तुरे पांढरे पडले आणि काळंभोर, चकचकीत बी मातीत सांडू लागलं. तिची मान आपोआप खाली वळली.

“मावशी, पावसाळ्यात माझी लेक उगवेल, मला विचारील. मी वाट बघत होते, एवढं सांगशील तिला?”

“सांगीन गं,” बाभूळ म्हणाली. “दरवर्षी सांगते.”