पानात टाकलेलं गणित

पोरगं गणितात नापास झालं, तसे मंगल कार्यालयाचे मालक बापूसाहेब धुमाळ हॉल ठरवायला आलेल्या गिऱ्हाइकांसमोरच शिकवणीच्या टिल्लूबाईंवर घसरले. "पोराच्या डोक्यात निम्मंच शिरलंय. फीसुद्धा निम्मीच मिळेल!"

बाईंनी शांतपणे विचारलं, "तुमच्याकडे पाहुणा दोन घास खाऊन उठला, तर ताटाचे निम्मेच पैसे घेता?"

"छे!" गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात बापूसाहेब गरजले. "ताट वाढलं की पैसे पूर्ण. जेवला की नाही, ते त्याचं तो जाणे!"

"मीही पूर्णच वाढलं होतं. चिरंजीव पानात टाकून उठले."

गिऱ्हाइकं खो खो हसली. बापूसाहेबांचा हात मुकाट्याने पाकिटाकडे गेला, तशा बाई म्हणाल्या, "आणि रोज आग्रह करकरून वाढलं, त्याचे वेगळे लावले नाहीत हं!"