साळिंदराचे पहिले भाषण

सागाच्या एका रानात, नदीच्या डोहापासून हाकेच्या अंतरावर, एक तरुण साळिंदर राहत असे. स्वभावाने ते फार गोड होते आणि जमिनीची त्याला विलक्षण जाण होती. नुसते नाक टेकवून ते सांगे, की इथे वीतभर खाली कंद आहे, तिथे मुंग्यांचे घर आहे आणि पलीकडे उकरू नका, दगड लागेल. खारीला एकटीला गाठून हे सारे ते रंगवून रंगवून सांगत असे. पण मुलांनो, ऐकणारे दोनाचे चार झाले, की त्याची वाचाच बसे.

त्या रानात अर्जुनाच्या झाडाखाली एक विद्यालय भरत असे. वयात आलेली पोरे आपापल्या वाटेने जाण्याआधी शेवटचे वर्ष तिथे काढीत. एक म्हातारी वानरीण त्यांना शिकवी. सगळे तिला बाई म्हणत. पाऊलखुणा ओळखणे, वारा हुंगणे, विषारी फळे पारखणे असे सारे शिकवून झाले, की बाईंची एक शेवटची परीक्षा असे. झाडाशेजारच्या काळ्या कातळावर उभे राहायचे आणि आपल्याला जे उत्तम येते, ते जमलेल्या साऱ्या रानाला सांगायचे. बाई म्हणत, "तुमचं ज्ञान तुमच्याबरोबर बिळातच राहिलं, तर रानाला त्याचा काय उपयोग?"

परीक्षेच्या दिवशी पहिला नंबर कोल्ह्याचा होता. तो वाऱ्याविषयी अर्धी घटका बोलला. वाऱ्याविषयी कोणाला काही नवे कळले असे नाही, पण ऐकायला फार बरे वाटले. मग साळिंदराचे नाव पुकारले गेले. ते कातळावर चढले. समोर पाहते, तर डोळेच डोळे! त्याने 'नमस्कार' म्हणायला तोंड उघडले आणि त्याच क्षणी त्याच्या पाठीवरचे सारे काटे ताठ उभे राहिले. शेपटीचे काटे तर खुळखुळ्यासारखे वाजू लागले.

आता, रानात साळिंदराचे काटे वाजले की त्याचा एकच अर्थ असतो : जवळ आलात तर खबरदार! पुढच्या रांगेतले ससे उड्या मारून झुडपात पळाले. भेकर भुंकले. रानडुक्कर उठून उभे राहिले आणि गुरगुरले, "का रे, आम्ही तुझं काय घोडं मारलंय? आमच्यावर कशाला फणकारतोस?"

साळिंदराला सांगायचे होते, की नाही हो, मी रागावलो नाही. पण शब्द काही फुटेना. ते कातळावरून घसरतच खाली आले आणि थेट आपल्या बिळात शिरले.

दोन दिवस ते बाहेर आले नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी बिळाच्या तोंडाशी कोणीतरी धापा टाकत बसल्याचा आवाज आला.

"बाई, तुम्ही?" साळिंदर आतूनच म्हणाले. "मला नाही जमणार. तुम्ही मला नापास करा."

"नापासच करायचं असतं, तर ते मला झाडावर बसूनही करता आलं असतं," बाई म्हणाल्या. "या वयात एवढा चढ चढून कशाला आले असते? बाहेर येऊ नकोस हवं तर. मला एवढंच सांग, त्या दिवशी तू काय बोलणार होतास?"

 साळिंदर अंधारातूनच हळूहळू सांगू लागले. कोणत्या वेलीखाली कोणता कंद असतो, उन्हाने माती कशी बोलते, भुसभुशीत माती आणि भेगाळलेली माती यांच्या वासात काय फरक असतो, असे बरेच काही. बाई मध्ये मध्ये विचारीत, ते सांगत राही. सांगता सांगता त्याचे नाक बिळाबाहेर कधी आले, हे त्यालाही कळले नाही.

"उद्या पुन्हा येईन," बाई उठत म्हणाल्या. "येताना खारीला आणते."

असे करता करता रोज एक-दोन ऐकणारे वाढू लागले. पहिल्यांदा खार आली, मग खारीची बहीण. पुढे बाईंनी त्याला वाळूवर ऊन खात पडलेल्या कासवांपुढे उभे केले. कासवे डोळे मिटून ऐकत, त्यामुळे त्यांच्यापुढे बोलणे साळिंदराला सोपे गेले. पण काटे काही वाजायचे थांबेनात. कासवांपुढेही ते वाजतच होते. एके दिवशी साळिंदर अगदी रडकुंडीला आले.

"बाई, इतके दिवस झाले, तरी हे थांबतच नाहीत. आधी हे थांबू देत, मग मी कातळावर चढेन."

बाईंनी इकडे तिकडे पाहिले आणि आवाज बारीक केला. "मी शिकवताना नेहमी कशी बसते, पाहिलंस कधी?"

"शेपटीवर."

"का, ठाऊक आहे? ती अजूनही थरथरते. तीस वर्षं शिकवतेय मी. पहिल्या दिवशी मलाही वाटलं होतं, की ही थांबली की बोलू. तशी वाट पाहत राहिले असते, तर आज तुम्हाला शिकवायला कोणी दुसरीच वानरीण असती." मग त्याच्या नाकावर टिचकी मारून त्या म्हणाल्या, "काटे वाजणार असतील तर वाजू देत. फक्त ते कशाने वाजतात, ते समोरच्याला सांगून टाक. लोक उगाच भलता अर्थ काढतात."

साळिंदराला हे पटले. पण पटणे निराळे आणि करणे निराळे.

उन्हाळा कडक झाला. नदी आटली आणि मैलोनमैल पाणी उरले ते फक्त डोहात. जांभळीखालच्या सपाट काठावरून सगळे पाणी पीत, कारण तिथे सावली होती. एका संध्याकाळी साळिंदर त्या काठामागे कंद उकरत होते. एकाएकी त्याचे पुढचे दोन्ही पाय मातीतून आरपार गेले. खालून गार हवा नाकावर आली. कान देऊन ऐकते, तर आत पाणी चुबुक चुबुक वाजत होते! साळिंदराने नाक टेकवत टेकवत सारा काठ पालथा घातला. जांभळीच्या बुंध्यापासून पांढऱ्या धोंड्यापर्यंत काठ खालून पोखरला होता. वर होता तो नुसता मातीचा पापुद्रा.

ते धावत विद्यालयाकडे निघाले. तिथे मोठीच गडबड चालली होती. डोंगरापलीकडचा गव्यांचा कळप पाण्याच्या शोधात येऊन पोहोचला होता. चाळीस गवे, एकेकाचे अंग जणू डोंगराचा तुकडा! पुढे तहानेने कासावीस झालेली वासरे होती. रानातले सगळे प्राणी त्यांना पाहायला जमले होते आणि कोल्हा कातळावर उभा राहून पाहुण्यांचे स्वागत करीत होता.

"यावे, यावे! हा डोह आपलाच समजा. त्या जांभळीखाली गर्द सावली आहे, ऐसपैस जागा आहे. सगळ्यांनी मिळून एकदमच पाणी प्यावे!"

साळिंदराने बाईंना गाठले आणि एका दमात सारे सांगितले. "बाई, तुम्ही सांगा ना त्यांना! तुमचं ते ऐकतील."

बाईंचा चेहरा गंभीर झाला. "मी सांगेन, पण ते विचारतील, की काठ कुठून कुठवर पोकळ आहे? दुसरीकडे कुठे उतरावं? मी काय उत्तर देऊ? माझं नाक काही त्या मातीला लागलेलं नाही. तू बोल. मी शेजारी उभी राहते."

एव्हाना कळपाने डोहाकडे तोंड वळवले होते. आता विचार करायला वेळ नव्हता. साळिंदर कातळावर चढले. बाई हळूहळू त्याच्यामागे आल्या. कोल्हा आश्चर्याने बाजूला झाला. समोर सारे रान आणि त्यात भर म्हणून चाळीस जोड्या शिंगे! साळिंदराचे काटे उभे राहिले आणि असे वाजू लागले, की मागच्या गव्यांनीही माना वळवल्या.

म्होरक्या गव्याने शिंगे खाली केली. "कोण आहे हा? तहानेल्या पाहुण्यांना धमकावतो?"

साळिंदराला वाटले, उडी मारावी आणि बिळात जावे. बीळ काही लांब नव्हते. पण त्याच वेळी म्होरक्याच्या पायांतून एक वासरू पुढे आले आणि टकामका त्याच्याकडे पाहू लागले. त्याची जीभ कोरडी पडून बाहेर आली होती.

साळिंदर त्या वासराकडेच बघत म्हणाले, "हे... हे काटे रागाने वाजत नाहीत. मी घाबरलोय, म्हणून वाजतात. मला तुम्हा सगळ्यांपुढे बोलायची फार भीती वाटते. पण त्या काठाची मला त्याहून जास्त भीती वाटते."

 गव्याने शिंगे थोडी वर घेतली. "काठाची? ती का?"

मग साळिंदर बोलू लागले. आवाज कापत होता. मध्येच एक वाक्य अर्धे राहिले, ते त्याने पुन्हा पहिल्यापासून सांगितले. पाय आरपार कसे गेले, आत पाणी कसे वाजत होते, पोकळी कुठून कुठवर आहे, सारे काही त्याने सांगितले.

"पण मी आज सकाळीच तिथे पाणी प्यायलो," कोल्हा मध्येच म्हणाला. "मला तर काही झालं नाही!"

"तू हलका आहेस रे, दादा," साळिंदर म्हणाले.

सगळे खो खो हसले. कोल्हासुद्धा हसला. साळिंदरालाही आपल्याला एवढे बोलता आले याचे नवल वाटले. "खालच्या अंगाला वाळूचा उतार आहे," ते पुढे म्हणाले. "तिथे सावली नाही, पण खाली पक्का खडक आहे. पाच-पाचांनी उतरलात, तर वासरांनाही नीट पिता येईल."

 म्होरक्या गवा जांभळीकडे गेला. काठापासून चांगल्या अंतरावर उभे राहून त्याने एक भला मोठा ओंडका कपाळाने ढकलला. ओंडका गडगडत काठावर गेला आणि धडाड्‌! जांभळीच्या बुंध्यापासून पांढऱ्या धोंड्यापर्यंतचा सारा काठ डोहात कोसळला. धुरळ्याचा ढग उठला. खाली काळेभोर खोल पाणी गरगरत राहिले.

 गवींनी आपापली वासरे पोटाशी ओढून घेतली. म्होरक्या परत आला. कातळासमोर उभा राहून त्याने आपले प्रचंड मस्तक खाली झुकवले आणि तो म्हणाला, "चल रे बाळा, तो वाळूचा उतार दाखव. तू पुढे हो, आम्ही तुझ्यामागून येतो."

पाच-पाचांचे गट करून सगळा कळप पाणी प्यायला. कोल्हा रांग लावत इकडून तिकडे धावत होता. साळिंदर बाईंजवळ येऊन बसले. आता कुठे त्याचा श्वास जागेवर आला होता.

"बाई," त्याने हळूच विचारले, "काटे थांबले होते का हो शेवटी?"

"छे!" बाई म्हणाल्या. "पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजत होते. पण तू काठाचं सांगायला लागलास, आणि मग ते कोणाला ऐकूच आले नाहीत."

तात्पर्य : भीती गेल्यावर बोलू म्हटले, तर बोलणे राहूनच जाते. सांगण्यात दुसऱ्याचे हित असेल, तर कापऱ्या आवाजातले बोलही ऐकणाऱ्याच्या मनापर्यंत पोहोचतात.