रावबाचा ट्युबा

"मास्तर, यात हवाच का जात नाही?"

दिगंबरचा चेहरा लालबुंद झाला होता. मांडीवर रावबाचा जुना ट्युबा, बँडमधला सगळ्यात जाड आवाजाचा पितळी बाजा. सकाळपासून तो फुंकत होता. आवाज सोडा, साधी फुर्र नाही.

कासम मास्तर बाकावर बसले होते. आमच्या बँडचे ते म्हातारे मास्तर. 

मी बाजूला ड्रमच्या दोऱ्या आवळत होतो. चार वाजून गेले होते. पाचला वरात निघायची होती.

वरात रावबाच्याच मुलीची, कलाची. रावबा गेल्या थंडीत वारला. त्याच्या बायकोने, हौसाबाईने, परवा गोधडीत गुंडाळलेला ट्युबा दिगंबरच्या हातात ठेवला. एवढंच म्हणाली, "पोरगी बापाच्या बाज्याच्या मागून सासरी जाऊ दे."

"वाजवतो की मामी," दिगंबर म्हणाला होता. "ट्रंपेट वाजवणाऱ्याला ट्युबा काय अवघड?"

ट्रंपेटवर त्याच्या तोडीचा माणूस आमच्या भागात नव्हता. हे त्यालाही ठाऊक होतं.

आता त्याने पुन्हा गाल फुगवले. मानेच्या शिरा तटतटल्या.

काही नाही...

"आत बोळाबिळा अडकला असणार." त्याने पक्कड उचलली. "नळी उपसून बघतो."

"नळी जुनी आहे. चिरेल," मास्तर म्हणाले.

"मग काय करू? तिकडं नवरी गाडीत बसायला आली!"

मास्तरांनी त्याच्या हातातली पक्कड काढून घेतली.

"काल याला काय केलंस?"

"साफ केला. पितळ लखलखीत केलं. तिन्ही पिस्टन काढले, पुसले, तेल दिलं, परत बसवले."

"कसे बसवले?"

"कसे म्हणजे? नंबर ठोकलेत की त्यांच्यावर. एक, दोन, तीन." तो थांबला आणि बोलून गेला, "मला वाचता येतं, मास्तर."

मी दोरी आवळायचा थांबलो. मास्तरांना अक्षरओळख नाही, हे बँडमध्ये सगळ्यांना माहीत होतं. आजवर कुणी बोललं नव्हतं.

मास्तर रागावले नाहीत.

"काढ ते तिन्ही," ते म्हणाले.

दिगंबरने बोटांखालचे ते तिन्ही पिस्टन काढले; त्यांची भोकं नळीशी जुळली नाहीत, तर हवा आत जात नाही. मास्तरांनी ते बाकावर इकडचे तिकडे केले. मग खांद्यावरचा टॉवेल घेतला आणि दिगंबरच्या हातांवर, पिस्टनांवर, ट्युब्यावर पसरला.

"आता बसव. बघायचं नाही."

"मास्तर, वेळ नाही हो!"

"म्हणूनच."

टॉवेलखाली त्याची बोटं हलू लागली.

एक पिस्टन अर्ध्यात अडला. त्याने दाबला.

"दाबू नकोस. दुसरीकडे ने."

दुसरीकडे तो खुळखुळला.

"सैल आहे."

"मग तिथला नव्हे."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. दिगंबरच्या कपाळावरून घाम ओघळला. पुसायला त्याचे हात मोकळे नव्हते.

एकाएकी त्याची बोटं थांबली.

"काय झालं?"

"हा... आपला आपणच खाली गेला."

"बरं. आता दुसरा."

तिन्ही बसले. मास्तरांनी टॉवेल काढला. दिगंबरने वाकून पाहिलं आणि दचकला.

"उलटं झालं! एकच्या जागी तीन, तीनच्या जागी एक."

तो परत काढायला गेला. मास्तरांनी त्याचं मनगट धरलं.

"अहो, नंबर चुकलेत!"

"असतील."

"मग रावबा मामा एवढी वर्षं कसा वाजवत होता?"

"रावबाला कुठं वाचता येत होतं?"

दिगंबरने मान खाली घातली.

मास्तर उठले. ट्युब्याच्या मोठ्या तोंडापुढे त्यांनी तळहात धरला.

"फुंकू नकोस. नुसता श्वास सोड."

त्याने सोडला. हळू. मग आणखी एकदा.

मास्तरांचा हात तसाच होता... मग तळव्याला हवा लागली आणि त्यांनी बोटं हलकेच मिटली.

"चल," ते म्हणाले.

वरात निघाली. दिगंबरचा पहिला सूर कापरा आला, माझ्या ठेक्याच्या मागे पडला. दुसरा जरा सावरला. तिसरा जमिनीतून आल्यासारखा पायांना लागला.

उघड्या गाडीत कला खाली मान घालून बसली होती. तिने मुंडावळ्या बाजूला सारल्या आणि मान वर करून पुढे ट्युब्याकडे पाहिलं. मग ड्रायव्हरला म्हणाली, "दादा, गाडी जरा हळू घ्या."

वेशीपर्यंत दिगंबरने ट्युबा ओठांपासून काढला नाही.

गाडी गेल्यावर आम्ही नळावर पाणी प्यायलो. दिगंबरने ट्युबा पायाशी उभा केला होता. एक हात त्याच्यावरच होता.

"मास्तर, मघाशी मी बोललो ते..."

"पाणी पी."

तो प्यायला. मग म्हणाला, "उद्या मिरजेला कारागिराकडं नेतो. बरोबर नंबर ठोकून आणतो. पुढं कुणाच्या हातात गेला, तर त्याला असा त्रास नको."

मास्तरांनी ओंजळीतलं पाणी तोंडावर मारलं. टॉवेलने चेहरा पुसला.

"नको," ते म्हणाले. "त्यालाही होऊ दे."